ठाण्यातली कबुली कोर्टात का चालत नाही?

पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. हे वाक्य तुम्ही मराठी वर्तमानपत्रांत किती वेळा वाचलं असेल? गुन्हेवार्तेत ते इतकं रुळलंय की आपण न अडखळता पुढच्या बातमीकडे वळतो. आज मात्र त्यावर जरा थांबू. या वाक्यातला खाक्या हा स्वतःच एक गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. आणि त्यातून निघालेली कबुली? भारतातल्या कुठल्याही सर्वसाधारण फौजदारी खटल्यात सरकारी वकील उठून म्हणाला, "साहेब, आरोपीनं पोलिसांसमोर गुन्हा कबूल केलाय," तर न्यायाधीशांनी ते कानाआड करायचं असतं. कबुली खरी असली तरी. आरोपीला बोटही लावलेलं नसलं तरी. समोर हवालदार असो की पोलीस आयुक्त, तरीसुद्धा.

विश्वास बसत नाही? मग १९६३ सालचं बिहारमधलं एक प्रकरण बघा. पावसाळ्यातल्या एका दुपारी एक माणूस स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात आला. आपल्याच नात्यातल्या चार जणांचा खून केल्याचं त्यानं सांगितलं. कारण सांगितलं, क्रम सांगितला. ठाणे अंमलदारानं ते सगळं प्रथम खबर म्हणून लिहून घेतलं. म्हणजे फिर्यादी तोच आणि आरोपीही तोच! मग त्यानं पोलिसांना नेऊन मृतदेह दाखवले, हत्यार काढून दिलं. सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, पाटणा उच्च न्यायालयानं ती कायम केली. आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडून दिलं.

पोलिसांनी त्याला मारहाण केल्याचा आरोपही नव्हता. मग सुटका कशी झाली? न्यायालयानं एवढंच पाहिलं की खुनाची कबुली ज्याच्यापाशी दिली तो पोलीस अधिकारी होता. त्या खबरीतला कबुलीचा मजकूर, त्यातला हेतू आणि तयारीचा भागसुद्धा, आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. तो वगळल्यावर उरतं काय? मृतदेह आणि हत्यार कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं, एवढंच. खून त्यानंच केला हे ठरवायला तेवढं पुरत नाही. साक्षीदार कोणी नव्हता. खटला संपला.

हा निकाल पहिल्यांदा वाचताना कुणालाही वाटेल, कायदा वेडा आहे का? वेडा नाही. त्याच्या डोक्यात काय होतं हे समजून घ्यायचं तर बिहार सोडून मद्रासला जावं लागतं, तेही कंपनी सरकारच्या काळात.

त्याआधी एक गंमत. ज्या इंग्रजांनी हा नियम आपल्याला दिला, त्यांच्या स्वतःच्या देशात तो नव्हता. लंडनच्या कॉन्स्टेबलपुढे आरोपी स्वेच्छेनं बोलला तर ते बोलणं न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकत होतं. राज्यकर्ते तेच, भाषा तीच, न्यायाधीशांचे झगेही तेच. मग इथल्या पोलिसापुढची कबुली त्यांना एकदम अस्पृश्य का वाटावी? आणि सत्ता टिकवण्यासाठी ज्या पोलिसांवर विसंबायचं, त्यांच्याच कागदाला आपल्याच कोर्टात किंमत नाही, असं कोणतं सरकार स्वतःहून लिहून ठेवील?

जुलै १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाला की मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करण्यासाठी रयतेचा छळ होतो, हे खरं का? सरकारी बाकांना ते पटेना. शेवटी मद्रासमध्येच तिघांची समिती नेमली गेली: शहराचे मुख्य दंडाधिकारी इलियट, मुलकी खात्यातले स्टोक्स आणि वकील जॉन ब्रूस नॉर्टन. समितीनं जाहीर केलं, ज्यांना तक्रार असेल त्यांनी यावं किंवा लिहावं. लोक आले, लांबलांबच्या गावांतून आले. लेखी आणि तोंडी मिळून तक्रारी दोन हजारांच्या घरात गेल्या. १८५५ साली अहवाल बाहेर पडला आणि लंडनमध्ये खळबळ उडाली. दोन वर्षांनी, उठाव पेटलेला असताना, कार्ल मार्क्सनं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात याच प्रकाराबद्दल लिहिलं, यावरून त्या अहवालाची मजल लक्षात येईल.

अहवालात काय होतं? बोटं दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये धरून दाबायची. माणसाला ओणवा करून, मान आणि पायाचे अंगठे दोरीनं बांधून, भर उन्हात उभा ठेवायचा. तिखट, चाबूक, उपासमार. आणि हे सगळं कशासाठी? पुष्कळदा अगदी किरकोळ रकमेच्या साऱ्यासाठी. पण समितीचं सर्वांत मोलाचं निरीक्षण छळाच्या प्रकारांबद्दल नव्हतं, यंत्रणेबद्दल होतं. मद्रासमध्ये सारा वसूल करणारा तहसीलदार हाच पोलिसांचाही प्रमुख असे. सकाळी सारा बुडवणाऱ्याला वाकवणारे हात दुपारी चोरीच्या आरोपीला वाकवत. एकच माणूस, एकच कचेरी, एकच कसब.

(समितीनं दोष टाकला तो मात्र बहुतेक सगळा देशी नोकरांवर. गोऱ्या साहेबांना या गोष्टी ठाऊकच नव्हत्या, असा एकूण सूर. ज्याच्या तिजोरीत सारा जमा होतो त्याला तो कसा जमा होतो हे कळत नाही, हे जरा नवलच. या नियमाच्या मुळाशी वंशद्वेषाचा अंश आहे, हे विसरून चालणार नाही.)

उपायाचा पहिला भाग सोपा होता. पोलीस आणि महसूल वेगळे करा. १८५९ साली मद्रासमध्ये ते झालं आणि १८६१ च्या पोलीस कायद्यानं तीच घडण इतरत्र नेली. आजचं पोलीस खातं त्याच वंशातलं. दंडसंहितेतही छळासाठी कलम होतं. १८६० च्या दंडसंहितेचं ३३० वं कलम उघडा. कबुली किंवा माहिती उकळण्यासाठी इजा करणं हा गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबर इजा असेल तर पुढच्या कलमात दहा वर्षांपर्यंत. कायदा समजावा म्हणून त्या संहितेत जागोजाग काल्पनिक उदाहरणं दिलेली आहेत. इथल्या उदाहरणांतली पात्रं कोण असावीत? एक पोलीस अधिकारी, आणि एक महसूल अधिकारी! राजपत्रात छापलेल्या कायद्यात सरकारनं आपल्याच दोन खात्यांना गुन्हेगाराच्या भूमिकेत उभं केलंय. नव्या भारतीय न्याय संहितेत कलमाचा आकडा १२० झाला, पण तो पोलीस अधिकारी तिथंही हजर आहे.

पण छळाला शिक्षा ठेवली म्हणून छळ थांबतो का? कोठडीच्या चार भिंतींत साक्षीदार कोण? मारणारा, मार खाणारा आणि मारणाऱ्याचे सहकारी. गुन्हा सिद्ध करायचा कुणी आणि कसा?

इथं त्या काळच्या कायदेकारांना जे सुचलं ते बघून मी दर वेळी थक्क होतो. त्यांनी मारणाऱ्याचा पाठलाग करायचं सोडून मारण्याचा मोबदलाच काढून घेतला. मारता कशासाठी? कबुलीसाठी. ठीक. तुम्ही मिळवलेली कबुली आम्ही घेणारच नाही. मारून मिळवली की गोड बोलून, हे विचारणारच नाही. कारण ते विचारलं की पुन्हा साक्षी आल्या, आणि कोठडीतली साक्ष कोण देणार? म्हणून सरसकट नाही. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १४८, १४९, १५० अशा तीन कलमांत हे पहिल्यांदा आलं. पुढं व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून आलेल्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफननं १८७२ च्या पुरावा कायद्यात ती तिन्ही २५, २६, २७ या क्रमांकांनी बसवली. कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फचा हा सख्खा काका. त्यानं नंतर आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या एका अधिकाऱ्याकडून ऐकलेलं कारण नोंदवलंय. छळ करण्यामागं आळसाचा वाटा मोठा असतो, असा त्याचा मथितार्थ. उन्हातान्हात पुरावा हुडकत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं जातं. म्हणजे पोलिसाला सावलीतून उठवून पुरावा शोधायला पाठवायचं, हे या कलमाचं काम.

तीन कलमांची रचना बघा. पंचविसावं म्हणतं, पोलिसापुढची कबुली नको. मग पोलीस म्हणेल, मी खोलीबाहेर जातो, आरोपी डॉक्टरपुढे किंवा गावच्या पाटलापुढे कबूल करील. सव्विसावं कलम तिथं उभं आहे. पोलिसांच्या ताब्यात असताना कुणापुढेही दिलेली कबुली नको. अपवाद एकच, समोर दंडाधिकारी असावा.

आणि दंडाधिकाऱ्यापुढची वाट तरी कशी आखलीय! त्यानं आरोपीला आधी बजावायचं की, बाबा, कबुली देणं तुझ्यावर बंधनकारक नाही, आणि दिलीस तर ती तुझ्याच विरुद्ध वापरली जाईल. तो मनानं बोलतोय अशी खात्री पटल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. आणि समजा दंडाधिकाऱ्यासमोर आल्यावर तो म्हणाला, मला काही सांगायचं नाही? तर त्याला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. हा छोटासा नियम वाचताना जरा थांबा. कुणीतरी विचार केला होता की नकार देऊन परत ठाण्यात गेलेल्या माणसाचं त्या रात्री काय होईल. तो विचार कायद्याच्या एका कोरड्या वाक्यात आजही शाबूत आहे.

आता सत्ताविसावं कलम. इथं बांध फुटतो.

आरोपी कोठडीत म्हणाला की चाकू मी घराच्या आढ्यात लपवलाय. पोलीस गेले, आढ्यातून चाकू निघाला. आता हे बोलणं खोटं कसं म्हणायचं? वस्तूच साक्ष देतेय. म्हणून कलम २७ सांगतं, आरोपीनं दिलेल्या माहितीतून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला तेवढाच भाग पुराव्यात घ्या. कबुली असली तरी. तर्काला धरूनच आहे. पण तेवढाच भाग म्हणजे केवढा?

हा प्रश्न आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातून निघून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात पोहोचला. गावातल्या दोन तटांची मारामारी, खून. एका आरोपीनं सांगितलं की आम्ही दबा धरून बसलो, अमक्याला मारलं, आणि भाला व काठी मी अमक्याच्या गवताच्या गंजीत लपवली, चला, दाखवतो. गंजीतून भाला निघाला. सरकार पक्ष म्हणाला, आता सगळंच विधान खरं ठरलं, सगळंच घ्या. निकाल लिहिला सर जॉन ब्यूमाँट यांनी. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे हे माजी मुख्य न्यायाधीश. १९३० ते १९४३ त्यांनी इथंच काढली. इथले पोलीस आणि इथले पंचनामे यांची त्यांना चांगलीच ओळख असणार. त्यांनी वाक्य मधोमध कापलं. भाला गंजीत लपवला, दाखवतो, एवढं आत. आम्ही मारलं, हे बाहेर. कारण गंजीतून भाला निघाला, त्यातून खून निघाला नाही. वस्तू कुठं आहे आणि ती तिथं आहे हे आरोपीला ठाऊक आहे, इतकंच उघड झालं. त्या वस्तूचा भूतकाळ उघड झाला नाही. वस्तूच्या वाक्याला कबुलीचं शेपूट जोडून बंदी टळत असेल, तर तसं शेपूट जोडून घ्यायला पोलिसांचं मन वळवण्याचं कसब पुरेसं पडेल, असा तिरकस शेराही त्यांनी मारला. १९४७ च्या निकालपत्रांत छापलेला हा कोट्टाया निकाल आजही फौजदारी वकिलांना तोंडपाठ असतो, आणि बिहारच्या त्या माणसाच्या सुटकेची किल्ली त्यातच आहे.

पण शेताच्या बांधाला घुशीनं एवढंसं बीळ पाडलं, तरी पाटाचं सगळं पाणी तिथूनच वाहू लागतं. कबुलीला किंमत नाही, पण कबुलीनंतर सापडलेल्या चाकूला आहे. मग सगळा जोर चाकू सापडण्यावर. जिल्हा न्यायालयात एखादा खुनाचा खटला ऐकायला बसा. निवेदन पंचनामा येणारच. आरोपीनं स्वखुशीनं निवेदन केलं, मग तो पुढे, पंच आणि पोलीस मागे. झुडपातून हत्यार काढून दिलं. स्वखुशीनं हा शब्द इतक्या पंचनाम्यांत सारखाच उतरलेला असतो की छापील वाटावा. मग बचावाचा वकील उलटतपासात पंचाला विचारतो, याआधी किती खटल्यांत पंच होतात? ठाण्यासमोरच टपरी आहे ना तुमची? कितीतरी खटले या दोन प्रश्नांवर डळमळतात.

तरीही बीळ पडलेला हा बांध टिकला, आणि कसा टिकला हे बघण्यासारखं आहे. इंग्रज गेले. पाकिस्ताननं १९८४ साली पुरावा कायदा बदलून त्याला नवं नाव दिलं, पण पोलिसापुढची कबुली नको हा नियम ठेवला. बांगलादेशात १८७२ चाच कायदा आहे. श्रीलंकेच्या पुरावा कायद्यातही तेच पंचविसावं कलम. ज्या देशांचं एकमेकांशी कशावर जमत नाही, त्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: आपल्या फौजदाराच्या वहीतली कबुली नको! भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तिन्ही कलमं एकत्र होऊन २३ वं कलम झालं. नावं बदलली, आकडे बदलले, नियम तोच. त्याआधी २००३ साली फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमथ समितीनं सुचवलं होतं की पोलीस अधीक्षकापुढची कबुली तरी मान्य करावी. सर्वसाधारण कायद्यात ते आलं नाही.

सर्वसाधारण कायद्यात आलं नाही, असं मी जपून म्हटलं. कारण खास कायद्यांत ते आलं होतं, आणि एक दरवाजा आपल्या महाराष्ट्रानंच उघडला. १९८७ च्या दहशतवादविरोधी टाडा कायद्यात पोलीस अधीक्षकापुढची कबुली पुरावा ठरली. टाडा गेला, पुढं पोटा आला, तोही २००४ मध्ये गेला. पण १९९९ चा महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायदा आहे तिथंच आहे, आणि त्याचं १८ वं कलम पोलीस अधीक्षक किंवा मुंबईत उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली ग्राह्य धरतं. सोबत काळजीही घेतलीय: मोकळ्या वातावरणात नोंद, नंतर लगेच दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं, छळाची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी. कागदावर सगळं चोख.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. मोक्काखाली खटला चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी धरलं, त्यांपैकी पाच जणांना फाशी. कबुलीजबाब हा त्या इमल्याचा मोठा खांब होता. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. ज्या कबुल्यांवर शिक्षा उभी होती त्यांवर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. त्यांतला मजकूर एकमेकांशी नको तितका जुळत होता आणि छळाच्या तक्रारीत न्यायालयाला तथ्य दिसलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. तेव्हा शेवटचा शब्द अजून झालेला नाही, हे खरं. पण १८० हून अधिक मृत्यूंच्या तपासाची १९ वर्षं कशावर तोलली गेली होती, ते दिसलं. कबुली हातात आली की पोलीस पुन्हा सावलीत बसतात.

कबुली सोडून द्या. थेट गोळीचं काय?

इथं आणखी एक आश्चर्य. 'एन्काउंटर' नावाची कुठलीही गोष्ट आपल्या फौजदारी कायद्याला ठाऊक नाही. अटक करताना जरूर तेवढं बळ वापरता येतं. पण ज्याच्यावरचा आरोप फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा नाही, त्याचा अटकेच्या नावाखाली जीव घेता येत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचंही नाही. चकमकीत पोलीस ज्याचा आधार घेतात तो स्वसंरक्षणाचा हक्क. तो तुम्हाला आणि मला आहे तेवढाच पोलिसाला आहे. खाकी घातली म्हणून त्यात इंचभरही वाढ होत नाही.

१९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसं मारली गेली. त्यावरून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लावा, शस्त्रं तपासणीला जमा करा. आणि त्यात एक सूचना अशी की चकमकीनंतर लगेच कुणाला पदक नको, बढती नको. शौर्य निर्विवाद ठरलं तरच. ओळखीचं वाटतंय ना? १८६१ चीच युक्ती. मारणाऱ्याच्या मागे धावताना त्याच्यापुढचं बक्षीसही उचला. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूर अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलीस गाडीत गोळी लागून मेला. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. मेलेल्याबद्दल सहानुभूती वाटावी असं त्या प्रकरणात काहीच नव्हतं, आणि नेमकी म्हणूनच ती या नियमांची कसोटी होती.

पोलिसांची बाजू खोटी ठरते तरी कशी? बहुधा घड्याळामुळं. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत एका माणसाला उचललं गेलं. त्याचा भाऊ वकील होता. त्यानं त्याच दिवशी, पोलिसांनी चकमकीची म्हणून सांगितलेल्या वेळेआधी, वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले की माझ्या भावाला पोलिसांनी पळवलंय. रात्री पोलिसांनी सांगितलं की अमुक ठिकाणी गुंड आला, गोळीबार केला, मेला. पण जो गुंड आपल्या पायांनी तिथं आला म्हणता, तो दुपारपासून तुमच्याकडे असल्याची तार आधीच पोहोचली होती, तिच्यावर वेळेच्या शिक्क्यासह! २०१३ मध्ये त्या प्रकरणात १३ पोलिसांना जन्मठेप झाली.

डी. के. बसू निकालाचं मर्म मला इथंच दिसतं. पश्चिम बंगालमध्ये कायदेशीर मदतीचं काम करणाऱ्या बसूंनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी सरन्यायाधीशांना कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून डिसेंबर १९९६ मध्ये ११ नियम घालून दिले गेले. अटक करणाऱ्याच्या छातीवर वाचता येईल अशी नावाची पट्टी. अटकेचा कागद, त्यावर तारीख, वेळ, आणि घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही. नातेवाइकाला कळवणं. अटकेच्या वेळी अंगावरच्या जखमांची नोंद. दर ४८ तासांनी डॉक्टर. नीट बघा, यातला एकही नियम पोलिसाला 'मारू नको' म्हणत नाही. प्रत्येक नियम वेळ आणि नाव कोठडीबाहेर, दुसऱ्याच्या हातातल्या कागदावर नेऊन ठेवतो.

एक जागा मात्र अजून मोकळी आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्काराचा आरोप दोन पोलिसांवर होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि स्त्री म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. सिद्ध करायचं ओझं वर्दीच्या खांद्यावर गेलं. दोन वर्षांनी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी कोठडीतल्या मृत्यूच्या एका निकालात सरकारला सुचवलं की मारहाणीच्या बाबतीतही कायदा बदला, नाहीतर पुराव्याअभावी पोलीस सुटत राहतील. विधी आयोगानं त्याच वर्षी, १९८५ मध्ये, ११३ व्या अहवालात कलमाचा मसुदाच दिला. कोठडीत इजा झाली असेल तर ती तिथल्या अधिकाऱ्यानंच केली असं न्यायालय गृहीत धरू शकेल, असं ११४-ब कलम. ते अजून कायद्यात आलेलं नाही. २०२३ मध्ये सगळा पुरावा कायदा नव्यानं लिहिला, तेव्हाही नाही.

ती जागा सध्या कॅमेऱ्यानं भरायचा प्रयत्न चाललाय. २ डिसेंबर २०२० च्या आदेशानं सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे अंधारातही दिसणारे आणि आवाज टिपणारे कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रण १८ महिने जपायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानातल्या कोठडी-मृत्यूंची बातमी वाचून, हे कॅमेरे चालू आहेत का, असं त्याच न्यायालयाला स्वतःहून विचारावं लागलं. पण त्या आदेशात एक तपशील आहे जो तुम्हाला स्वतः तपासता येईल. ठाण्याच्या दारात मोठा फलक हवा, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. इथं कॅमेरे आहेत, हक्कांचा भंग झाला तर मानवी हक्क आयोगाकडे किंवा न्यायालयात तक्रार करता येते, आणि ते चित्रण जपून ठेवायला लावण्याचा हक्क तुम्हाला आहे. पासपोर्टच्या पडताळणीला किंवा हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारीला ठाण्यात जाल, तेव्हा आत शिरण्याआधी भिंतीकडे बघा. फलक आहे का? मराठीत आहे का?